टायरांचा ठराव

आमच्या घरात कुठलीही गोष्ट हात वर करून ठरायची. भिंतीला कुठला रंग द्यायचा, दिवाळीला फटाके आणायचे की नाहीत, अकरावीला मी कुठली शाखा घ्यायची, सगळ्यावर बैठक. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो, परतूरच्या एका शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की चळवळीत. घरभर पत्रकांचे गठ्ठे असत, सुतळीनं बांधलेले. पलंगाखाली, फडताळात, शिवणयंत्राच्या मागं. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. एका बाजूला 'जाहीर आवाहन', दुसऱ्या बाजूला माझा ग म भ न. वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायची सवय मला फार लवकर लागली आणि अजून पुरती सुटलेली नाही.

बैठकीचे नियम साधे होते. एक जण बोलत असताना दुसऱ्यानं मधे बोलायचं नाही. लहान असो की मोठा, प्रत्येकाला एक मत. आणि ठराव झाला की तो सगळ्यांनी पाळायचा, विरोधात हात वर केलेल्यांनीसुद्धा. हा शेवटचा नियम अप्पांचा सगळ्यांत लाडका. माझी मोठी बहीण, ताई, लहान असताना फटाके आणू नयेत असा ठराव झाला. ती विरोधात होती, हरली. शेजारच्या काकूंनी तिच्या हातात फुलबाज्यांचं पाकीट ठेवलं, तर ती ते तसंच परत देऊन आली आणि ओट्यावर बसून दुसऱ्यांचे फटाके बघत राहिली. अप्पा ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकानं सांगत. मला त्या गोष्टीतली ओट्यावर बसलेली पोरगीच दिसायची.

हे सांगायचं कारण ताईची गाडी.

ताई जालन्याच्या एका बियाणे कंपनीत फील्डवर होती. शेतकऱ्यांच्या रानात कंपनीचे कपाशीचे प्लॉट असतात. तिथं बायका हातानं फुलांचं क्रॉसिंग करतात. आदल्या दुपारी कळी सोलून ठेवायची आणि सकाळी तिच्यावर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. हे काम नीट होतंय का ते बघणाऱ्या माणसानं सकाळीच रानात पोचायला पाहिजे, कारण फूल दुपारपर्यंत कुणासाठी थांबत नाही. भोकरदन, राजूर, जाफराबाद या बाजूची गावं ताईकडं होती. बाकीचे फील्डवाले सगळे पुरुष, मोटरसायकलवर फिरणारे. ताईनं सुरुवातीला काळी-पिवळी जीपमधून जाऊन पाहिलं. माणसं कोंबून भरल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही, आणि फाट्यावर उतरून प्लॉटपर्यंत चालत जाईस्तोवर बायका भाकरी खायला बसलेल्या असायच्या. मग तिनं स्वतःच्या पगारातून एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. स्वतःच्या नावावर. त्या गाडीची चावी म्हणजे तिची नोकरी होती. चावी गेली की नोकरी गेली, इतका सरळ हिशोब.

पावसाळ्यात आमच्याकडं ट्रॅक्टर रानातून डांबरावर चढतात आणि चाकांची काळी माती रस्त्यावर सोडून जातात. वरून भुरभुर पाऊस आला की त्या मातीपेक्षा साबण बरा. श्रावणात एका सकाळी ताईनं वळणावर चाक फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली, हळूच, आणि रस्त्याच्या कडेच्या बाभळीत तोंड घालून उभी राहिली. आरसा मोडला, बाकी काही नाही. शेजारच्या रानातल्या माणसांनी गाडी ढकलून दिली आणि ताई पुढं प्लॉटवर गेली. संध्याकाळी तिनं घरी आपणहून सांगितलं. लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

तिचे यजमान, आमचे दाजी, जालन्यात बँकेत आहेत. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "चावी दे."

ताई म्हणाली, "टायर घासलेत. चारही. टायर बदलू द्या, मंग बोला."

त्यानंतरचा आठवडाभर ताई टायर शोधत होती. मला फोनवर सगळं सांगायची. टायरच्या बाजूला जे आकडे छापलेले असतात त्यांचा अर्थ काय, रबर कडक असलं की टायर जास्त दिवस टिकतो पण ओल्या रस्त्याला धरत नाही, मऊ असलं की धरतो पण लवकर झिजतो. नक्षीतल्या खाचा खोल असल्या की पाणी त्यातून बाजूला फेकलं जातं आणि रबर रस्त्याला टेकतं. खाचा झिजल्या की गाडी पाण्यावरून चालते, रस्त्यावरून नाही. जोरात गाड्या पळवणाऱ्यांसाठी एक जास्त पकडीचा टायर निघतो, तो तिला पसंत पडला होता. मी चेष्टेनं विचारलं, "शर्यत लावतेस का जाफराबादच्या रस्त्यावर?"

"मला वेग न्हाई पाहिजे गं," ती म्हणाली. "मला थांबायला पाहिजे. आन् वळायला."

पण दाजींनी विषय परतूरला नेला. दाजींना आमच्या बैठकीची पद्धत फार आवडायची. त्यांच्या स्वतःच्या घरी त्यांची आई सांगेल ते व्हायचं. आमच्या घरी त्यांना एक मत होतं.

रविवारी ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. अप्पा, आई, ताई, दाजी आणि मी. ताईची पोरगी आतल्या खोलीत पत्रकांच्या पाठीवर चित्रं काढत होती.

"मामा, माझं म्हणणं साफ आहे," दाजी अप्पांना म्हणाले. "उद्या हिला काही झालं तर लोक मला इचारतील. मी कोणाकोणाला तोंड देऊ?"

"झालं तर मला होईल," ताई म्हणाली. "तुम्हाला नुसतं इचारतील."

आईनं हसू लपवायला पदर तोंडाशी नेला. अप्पांनी बोट वर केलं. "मधे बोलायचं न्हाई."

मग अप्पा बोलले आणि त्या घटकेला मला त्यांचा अभिमान वाटला. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं पाहिजे म्हणून त्यांनी गावोगाव पत्रकं वाटली होती, लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. ते म्हणाले, बाईच्या हातातलं साधन काढून घेणं ही गुलामगिरीची पहिली पायरी आहे, आणि हे माझ्या घरात होणार नाही. "चावी तिचीच राहील. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

दाजींचा चेहरा पडला. तो अप्पांनी पाहिला. मुलीला नांदवणारा माणूस आपल्या ओसरीवरून नाराज होऊन उठला तर काय होतं, हे कुठल्याही पत्रकात छापलेलं नव्हतं. ते घरातल्या सगळ्यांना छापल्याशिवाय माहीत होतं. अप्पा लगेच पुढं म्हणाले, "मात्र सुरक्षेचा मुद्दा बराबर आहे. टायरांबाबत जावईबापूंचं ऐकलं पाहिजे."

ताईनं आपलं म्हणणं मांडलं. चारही टायर बदलायचे, एकाच जातीचे.

"चार?" अप्पा म्हणाले. "मागचे तर चालून राह्यलेत ना?"

"चालतात अप्पा. पण घासलेत."

"चालणारी वस्तू फेकून द्यायची याला चंगळवाद म्हणतात. आपण आयुष्यभर त्याच्या विरोधात लिहिलं."

"बराबर बोलले मामा," दाजी सरसावून बसले. "दोनच घ्यायचे, पण एक नंबर घ्यायचे. आमच्या बँकेत एकानं टाकलेत, रुंद, स्पोर्टी. गाडी अशी चिकटून चालती की बस! पुढं टाकायचे. इंजिन पुढं, स्टेअरिंग पुढं, ब्रेकचा जोर पुढं. मागच्या चाकाला काम काय? ते बिचारं नुसतं मागं मागं येतं."

"दोनच घ्यायचे असतील तर मागं टाका," ताई म्हणाली.

दाजी मोठ्यानं हसले. "घ्या! नवा सदरा घ्यायचा आन् जुन्याच्या आत घालायचा!"

अप्पाही हसले. ताई त्यांचं हसणं संपायची वाट बघत थांबली. मग ती शांतपणे बोलली, प्लॉटवर नव्या बाईला काम समजावून सांगावं तसं. "पुढची चाकं सुटली की गाडी सरळ जाती. मला कळतं. मी पाय काढते, वेग कमी होतो, ती परत धरती. त्या दिवशी तोंड सुटलं म्हणून नुसता आरसा गेला. मागची सुटली की गाडी स्वतःभवती फिरती. मंग माझ्या हातात काहीच राहत न्हाई. पुढं जास्त पकड आन् मागं कमी केली तर वळणावर तोंड वळंल, बूड वळणार न्हाई. ते बाहेर जाईल."

"ही झाली शक्यता," अप्पा म्हणाले. "जावईबापू अनुभवानं बोलून राह्यले."

"दाजींचा अनुभव रविवारचा आहे, अप्पा," मी म्हणाले. "ताई रोज चालवते."

"काय मेहुणीबाई," दाजी म्हणाले, "पत्रक काढता का आता टायरावर?"

"मधे बोलायचं न्हाई," अप्पा म्हणाले. ते मला म्हणाले, दाजींना नाही.

ठराव अप्पांनी तोंडी मांडला. चावी ताईकडं राहील. जास्त पकडीचे दोन नवे टायर घेऊन पुढं बसवले जातील. आणि दाजींनी सुचवलेली एक भर: गाडी परत घसरली तर चावी दाजींकडं जाईल. ताई म्हणाली, तीन गोष्टी वेगवेगळ्या मताला टाका. अप्पा म्हणाले, ही तडजोड आहे, तडजोडीचे तुकडे करता येत नाहीत. हात वर झाले. अप्पा, दाजी, आणि थोडं थांबून आई. विरोधात ताई आणि मी. नंतर चुलीपाशी मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जावयाचं मन राहू दे गं. दोन टायराची तर गोष्ट."

आईला गाडी येत नाही. अप्पांना येत नाही. तेव्हा मलाही येत नव्हती. ज्यांनी कधी चाक हातात धरलं नाही अशा तीन माणसांचे हात त्या दिवशी वर गेले, आणि त्यातला एक माझा होता, फक्त तो बरोबर बाजूला होता. रस्त्याला मताचा अधिकार नव्हता.

नवीन जालन्यात टायरच्या दुकानात दाजी स्वतः आले. मी त्या दिवसांत ताईकडंच राहायला होते, म्हणून मीही गेले. दुकानदारानं विचारलंसुद्धा नाही; पुढची चाकं उचलायला जॅक लावला. ताईनं त्याला विचारलं, "मागं बसवले तर?"

"ताई, सगळं जालना पुढंच टाकतं," तो म्हणाला आणि कामाला लागला. नवे टायर खरोखर देखणे होते. काळेभोर, रुंद, बाजूंनी बुटके, खाचा बोटाचं टोक जावं इतक्या खोल. मागच्या टायरांवरून मी हात फिरवला तर पाटीसारखे लागले. दाजींनी लिंबं आणली होती. ती त्यांनी पुढच्याच चाकांखाली ठेवली.

पुढचे काही दिवस कोरडे गेले आणि ते दिवस दाजींचे होते. सिमेंटच्या नव्या रस्त्यावर त्यांनी आम्हाला फिरवून आणलं. पूर्वी चाक फिरवल्यावर गाडी जरा विचार करून वळायची. आता बोट हलवलं की तोंड वळत होतं. ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी बसत होती. खड्डा मात्र कमरेपर्यंत पोचायचा, कारण बुटक्या टायरात दणका गिळायला जागा नसते. "बघा, रुळावर चालल्यावानी!" दाजी म्हणत. मलाही वाटलं, ताईला उगीच भीती वाटते की काय.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, "गाडीच्या दोन गाड्या झाल्यात. पुढची येगळी, मागची येगळी. पुढची सांगितल्याबरोबर वळती. मागची कोरड्यात कशीबशी ऐकती. ओल्यात ऐकंल का, माहीत न्हाई."

"मग गुपचूप बदलून घे ना. पुढचे मागं. कुणाला कळणार आहे?"

"ठराव झालाय," ती म्हणाली.

मला तेव्हा आलेला राग अजून आठवतो. तो दाजींवर नव्हता. ज्या माणसानं आपल्या पोरीला नियम पाळायला इतकं नीट शिकवलं की जिवाशी गाठ पडली तरी ती नियम पाळेल, त्या माणसावर तो होता. आणि तो माणूस चांगला आहे. त्याच्या चांगुलपणाशी भांडायचं कसं, ते मला कुठल्याच पत्रकानं शिकवलं नाही.

भाद्रपदात एका सकाळी मी ताईबरोबर निघाले. मला राजूरला एका मैत्रिणीकडं जायचं होतं, ताईला पुढच्या गावात प्लॉटवर. पाऊस म्हणावा असा नव्हता, काच पुसावी लागेल इतकाच. ताई सावकाश चालवत होती. माझ्याशी बोलतही नव्हती, समोर बघत होती. राजूरच्या अलीकडं रस्ता डावीकडं वळतो आणि वळणातच एक छोटा पूल आहे. वळण घेताना आम्हाला दिसलं की पुलापाशी शेळ्या रस्ता ओलांडून राहिल्यात, आणि त्यांच्या अलीकडं ट्रॅक्टरनं सांडलेल्या मातीचे काळे पट्टे आहेत. ताईनं ब्रेक दाबला नाही. तिनं फक्त पाय हळूच उचलला. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

गाडीचं वजन पुढं आलं. पुढच्या टायरांनी रस्ता धरला आणि तोंड आज्ञाधारकपणे डावीकडं वळलं. मागचं वळलं नाही. मला वाटलं कुणीतरी गाडीचं बूड हातानं धरून बाहेर ओढतंय. ताईनं चाक उलट फिरवलं, दोनदा. खिडकीतून शेळ्या दिसल्या, मग कपाशीचं रान, मग आम्ही ज्या रस्त्यानं आलो तो रस्ता. मग मागून दणका बसला. पुलाचा कठडा. कठड्यानं आम्हाला धरलं, खाली नाला होता.

इंजिन बंद पडलं. शेळ्या ओरडत होत्या. मी ताईकडं पाहिलं तर ती आपल्या उजव्या मनगटाकडं बघत होती. चाकाच्या आऱ्यात हात अडकून ते वेगळ्याच बाजूला वळलं होतं. "पोरीला आज शाळेत सोडून आले ते बरं झालं," ती म्हणाली. "मागं बसती ती."

मागचं दार आत चेपलेलं होतं. त्या दाराला टेकूनच पोरगी बसायची.

माणसं जमली. त्यांनीच आम्हाला बाहेर काढलं, ताईचा हात ओढणीनं बांधला, पाणी दिलं. आणि पाणी देता देता बोलतही होती.

"कोण चालवून राह्यलं होतं?"

"बाई."

"मंग बराबर."

"नवे टायर हाएत की राव पुढं, तरी गेली?"

"टायर काय करंल? हात पाहिजे ना हात."

मी ओरडले की टायरांनीच केलंय हे, मागचे बघा, मागचे! एक जण वाकून मागच्या चाकाकडं बघून आला. "चालते की अजून," तो म्हणाला.

ताईच्या मनगटात स्टीलची पट्टी टाकावी लागली. हात प्लास्टरमध्ये असतानाच पुढची बैठक झाली. दाजी रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी काहीच म्हणत न्हाई, मामा. ठराव तुमचाच आहे."

अप्पा सतरंजीकडं बघत म्हणाले, "ठरावात ठरल्याप्रमाणं चावी जावईबापूंकडं जाईल."

मी नियम मोडून मधे बोलले. ताईनं हे अपघाताआधी याच ओसरीवर सांगितलं होतं, शब्दाला शब्द. तोंड वळेल, बूड बाहेर जाईल. तसंच झालं. ही चूक तिच्या हाताची नाही, वर झालेल्या तीन हातांची आहे.

"निर्णय सामूहिक होता," अप्पा म्हणाले. "जबाबदारी पण सामूहिक आहे. मी ती नाकारत न्हाई."

"मग चावी एकटीचीच का जाते?"

आईनं नाक पुसलं. अप्पांनी सवयीनं करायचं तेच केलं. ते म्हणाले, "पुन्हा मताला टाकू."

हात वर झाले. तेच तीन. विरोधात माझा एकटीचा. अप्पांनी ताईकडं पाहिलं. "तू तटस्थ का?"

ताईनं प्लास्टरमधला हात मांडीवरून थोडा उचलून दाखवला. "वर होत न्हाई, अप्पा," ती म्हणाली आणि पोरीला घेऊन आत गेली.

कंपनीनं तिला काढलं नाही. नवीन जालन्यातल्या ऑफिसात टेबल दिलं. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवतात आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवलं ते मोजतात, ते काम. भोकरदनची गावं एका मोटरसायकलवाल्याला गेली. प्लॉटवरच्या एका बाईचा ताईला फोन आला होता, नवीन साहेब बांधावरूनच जातो, सरीत उतरत नाही म्हणून. ताई तिला म्हणाली, "मी काय करू माय, मी आता कागदातलं बी मोजते."

गाडी गॅरेजमध्ये होती. मागचा पत्रा ठोकून झाला, दार बदललं, आणि दुसऱ्या दिवशी दाजी ती आणणार होते. त्या दुपारी ताईनं मला बोलावलं आणि आम्ही दोघी रिक्षानं गॅरेजवर गेलो. ती मेस्त्रीला म्हणाली, "पुढचे टायर मागं टाका आन् मागचे पुढं."

मेस्त्री हात पुसत उभा राहिला. "साहेबांना इचारलं का?"

"गाडी माझ्या नावावर आहे."

त्यानं खांदे उडवले आणि जॅक घेतला. आम्ही बाकावर बसून बघत होतो. ते रुंद, देखणे टायर एक एक करून मागं गेले. मी हळूच म्हणाले, "ठराव मोडलास."

"हो."

"तू तर चालवणार पण नाहीस आता."

"पोरगी बसती ना मागं," ताई म्हणाली. मग मेस्त्रीच्या हातांकडं बघत, "ते चालवणार. त्यांना तर कळणार पण न्हाई मागची चाकं कधी सुटली ते."

दसऱ्याला आम्ही सगळे त्या गाडीतून परतूरला निघालो. पुढं दाजी आणि त्यांच्या शेजारी आदल्या दिवशी जालन्याला आलेले अप्पा, मागं ताई, पोरगी आणि मी. वाटेत परतीचा पाऊस लागला, चांगला लागला. एका वळणावर तसेच काळे पट्टे होते. दाजी ताईपेक्षा जोरात होते. त्यांनी घाबरून पाय उचलला आणि मी पोरीला घट्ट धरलं. गाडीचं तोंड थोडं बाहेर सरकलं, घासत गेलं, वेग उतरला, आणि गाडी परत ओळीत आली. मागचा भाग हललासुद्धा नाही.

दाजी हसले. "बघितलं, मामा? तीच गाडी, तेच टायर. हात बसलेला पाहिजे."

"अनुभव," अप्पा म्हणाले. "अनुभवाला पर्याय न्हाई."

मी तोंड उघडलं. ताईनं आपला उजवा हात, अजून नीट न वळणारा, माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. आरशात तिचा चेहरा दिसत होता, ती खिडकीबाहेर कपाशी बघत होती.

घरी पोचल्यावर न्हाणीघरापाशी मी तिला गाठलं. "का बोलू दिलं नाहीस? तुझं सगळं खरं ठरलं होतं!"

"सांगितलं असतंस तर अप्पांनी बैठक लावली असती," ती म्हणाली. "आन् टायर परत पुढं गेले असते."

आता त्या टायरांनाही बरेच दिवस झाले. मऊ रबर लवकर झिजतं, ताईनं सांगितलं होतं तसं. नवे घ्यायची वेळ आलीय आणि येत्या रविवारी परतूरला बैठक आहे. विषय: टायर. मी हे लिहिलेले कागद घेऊन जाणार आहे आणि मधे कुणी बोललं तरी शेवटपर्यंत वाचणार आहे. ताईला विचारलं, तू येणार ना? ती म्हणाली, "मी येऊन काय करू? हात वर करू? मला मत नको आता. चावी पाहिजे."

हे सगळं मी आधी तिला वाचून दाखवलं. ती उजवं मनगट डाव्या हातानं चोळत ऐकत होती. पुलापाशी मी लिहिलं होतं की तिनं पाय झटकन उचलला. तिथं तिनं मला थांबवलं.

"झटकन न्हाई," ती म्हणाली. "हळूच उचलला होता. तेवढं बराबर लिही."

ते मी बदललं आहे.